मोटारसायकलची चेन : ढिलाई किती असावी?

जिल्हा परिषदेच्या शाळेकडे निघालेले गुरुजी, दोन-तीन गावांचा कारभार सांभाळणारे ग्रामपंचायत अधिकारी, जनावरांना लस टोचण्यासाठी वस्त्यावस्त्यांवर हिंडणारे पशुसंवर्धन खात्याचे कर्मचारी आणि पहाटेच्या बाजाराला भाजी नेणारा शेतकरी या सर्वांच्या दिनक्रमात मोटारसायकलीला आज जे स्थान आहे ते एके काळी एसटीच्या पहिल्या गाडीला होते. या वाहनाच्या इंजिनाकडे मालकाचे लक्ष असते, टायरमधील हवाही तो अधूनमधून पाहतो. परंतु इंजिनाची सारी शक्ती जिच्यामार्फत मागच्या चाकाला पोहोचते ती चेन मात्र बहुधा तुटल्यावर किंवा उतरल्यावरच आठवते. तिच्याविषयी जो एक समज सर्वत्र रूढ आहे, तो तिच्या दुर्लक्षाइतकाच नुकसानकारक आहे. चेन जितकी घट्ट तितकी चांगली, हा तो समज होय.

प्रस्तुत लेखकाला या समजाची किंमत २०१८ सालच्या पावसाळ्यानंतर एका दौऱ्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. एका डोंगराळ तालुक्यातील शाळेचा कार्यक्रम होता व तेथवर नेण्याचे काम तेथील गुरुजींनी आपण होऊन स्वीकारले होते. मागे लेखक, लेखकाच्या मांडीवर माहितीपत्रकांचा गठ्ठा. गाडी चालू लागताच कुठून तरी बारीक, चिरका, रडल्यासारखा आवाज येऊ लागला. गुरुजी म्हणाले, "नवीन काम केलंय साहेब, बसेल हळूहळू." दहा-बारा किलोमीटरनंतर चढ लागला, खड्ड्यात गाडी आपटली आणि चेन तुटून रस्त्यावर पडली. चाक अडकले नाही म्हणून दोघेही पायांवर उभे राहिलो. गुरुजी त्या चेनकडे पाहतच राहिले. "कालच तर घट्ट करून घेतली होती!" एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते.

गाडी टेम्पोत घालून तालुक्याच्या गावी आणली. तेथल्या वयस्क मिस्त्रींनी तुटकी चेन हातात घेतली, पुढचे स्प्रॉकेट बोटाने चाचपले आणि म्हणाले, "गुरुजी, हिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती कुणी." प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, पाना हाती धरण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आलेला. त्या दुपारी गॅरेजच्या बाकावर बसून जे ऐकले व पुढे वाहनांच्या माहितीपुस्तिकांतून पडताळून पाहिले, ते येथे मांडीत आहे.

चेन लांबते म्हणजे काय?

मोटारसायकलची चेन दिसावयास साधी असली तरी तिची प्रत्येक कडी म्हणजे एक लहानसे यंत्रच आहे. दोन बाजूंस पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती बुश आणि बुशभोवती मोकळा फिरणारा रोलर अशी तिची रचना असते. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याची. इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरात चेन बनविणारा एक लहान कारखाना त्याने १८७९ मध्ये विकत घेतला आणि १८८० मध्ये या बुश-रोलर चेनचे पेटंट मिळविले. त्यापूर्वीच्या चेनमध्ये पिनेचा सारा भार पट्टीच्या अरुंद कडेवर येई व चेन लवकर खराब होई. बुशमुळे तो भार पिनेच्या बऱ्याच मोठ्या पृष्ठभागावर पसरला. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही सायकलपासून मोटारसायकलपर्यंत मूळ कल्पना तीच आहे.

'चेन लांबली' असे आपण म्हणतो तेव्हा पोलाद रबरासारखे ताणले गेले अशी आपली कल्पना असते. वस्तुतः पट्ट्यांची लांबी फारशी बदलत नाही. झिजतात त्या पिना व बुश. आपल्याकडील १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना '४२८' क्रमांकाची चेन असते. या क्रमांकातील पहिला आकडा म्हणजे लगतच्या दोन पिनांमधील अंतर, एक अष्टमांश इंचाच्या मापात. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच किंवा १२.७ मिलिमीटर. अशा चेनमध्ये शंभराच्या आसपास कड्या असतात. प्रत्येक सांध्यात केवळ एक दशांश मिलिमीटर झीज झाली तरी शंभर सांध्यांची मिळून ती एक सेंटिमीटर होते, आणि तेवढी चेन लोंबू लागते.

ही झीज एवढ्या लवकर कशी होते, याचा हिशेब उद्बोधक आहे. अठरा इंची चाकाच्या लहान मोटारसायकलचे मागचे चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून अधिक वेळा फिरते. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात व चेनला १०५ कड्या आहेत असे धरले तर तेवढ्यात पूर्ण चेन सुमारे दोनशे वेढे घेते. प्रत्येक वेढ्यात प्रत्येक सांधा चार वेळा वळतो : पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, आणि तसेच मागच्यावर. म्हणजे किलोमीटरला आठशे वळणे. रोज चाळीस किलोमीटर ये-जा करणाऱ्या शिक्षकाच्या गाडीत प्रत्येक पिन दिवसाकाठी बत्तीस हजार वेळा आपल्या बुशमध्ये घासते. त्या सांध्यात तेल असेल तर हे घासणे सुसह्य होते. तेलाऐवजी मुरूम, वाळू किंवा काळ्या मातीचा चिखल असेल तर पिन कानशीने घासल्यासारखी झिजते. सारांश, लांबलेल्या चेनचे मूळ वंगणाच्या अभावात असते. पाना फिरवून ती घट्ट करणे म्हणजे झालेली झीज केवळ दृष्टीआड करणे होय.

ढिलाईची गरज

आता मिस्त्रींच्या 'श्वासा'चा अर्थ पाहू. मागचे चाक ज्या दोन भुजांमध्ये बसविलेले असते त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. हा चिमटा इंजिनामागे एका बिजागरीवर खालीवर होतो व शॉकॲब्सॉर्बर त्याला आधार देतात. पुढचे स्प्रॉकेट मात्र या बिजागरीवर नसते, ते तिच्या किंचित पुढे असते. त्यामुळे चाक खालीवर होताना दोन्ही स्प्रॉकेटांमधील अंतर सारखे राहत नाही. गाडी डबल स्टँडवर असून चाक लोंबत असते तेव्हा हे अंतर कमी असते. माणसे बसली, शॉकॲब्सॉर्बर दबले आणि पुढचे स्प्रॉकेट, बिजागरी व मागचा ॲक्सल एका सरळ रेषेत आले की ते सर्वांत जास्त होते.

स्टँडवरच्या गाडीची चेन तारेसारखी ताणून ठेवली तर दोन माणसे बसून गाडी खड्ड्यात आदळताच चेनला जास्तीची लांबी हवी असते, व ती कुठूनच मिळत नाही. मग तो ताण चेनच्या पिनांवर, पुढच्या शाफ्टच्या व चाकाच्या बेअरिंगवर येतो. गुरुजींच्या गाडीत नेमके हेच झाले. जुनी, कोरडी चेन आदल्या दिवशी कोणीतरी कमालीची घट्ट केली. दुसऱ्या दिवशी मागे प्रस्तुत लेखकाचे (हेही नमूद करणे भाग आहे की, कार्यालयीन कामामुळे वाढलेले) वजन पडले आणि चढावरच्या खड्ड्याने शेवट केला.

ढिली चेन खडखड वाजून आपली तक्रार तरी सांगते. घट्ट चेनचा आवाज सुरुवातीला फारच बारीक असतो व पुष्कळांना तो 'नवीन कामाचा' आवाज वाटतो. अर्थात ढिलाईलाही मर्यादा आहे. फार लोंबणारी चेन गाडी वेगात असताना दातांवरून उसळते, उतरते, आणि स्प्रॉकेट व चिमट्याच्या फटीत अडकली तर मागचे चाक जागीच जाम होऊ शकते. उतारावर असे झाल्यास काय होईल हे सांगावयास नको.

किती ढिलाई योग्य, याचे उत्तर प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत व पुष्कळदा चिमट्यावर किंवा चेनकव्हरवर चिकटविलेल्या पट्टीवर दिलेले असते. नेहमीच्या वापराच्या लहान गाड्यांत ती साधारणतः २० ते ३० मिलिमीटर असते. उंच शॉकॲब्सॉर्बरच्या गाड्यांत ती अधिक ठेवावी लागते. मोजताना गाडी डबल स्टँडवर हवी की साइड स्टँडवर, हेही पुस्तिकेत पाहावे, कारण त्याने माप बदलते.

मोजमाप व जुळवणी

इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि गाडी न्यूट्रलमध्ये, ही पहिली अट. दोन्ही स्प्रॉकेटांच्या मधोमध, चेनच्या खालच्या पदराशी शाळेतील साधी फूटपट्टी उभी धरावी. काडीने चेन वर ढकलून, मग खाली ओढून दोन्ही टोकांमधील अंतर पाहावे, तीच ढिलाई. ज्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते त्यांच्या कव्हरला रबरी बूच असलेले एक भोक असते, तेथून हे पाहता येते. मात्र एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. चाक हाताने थोडे थोडे फिरवून चार-पाच जागी मोजावे. झीज सर्व कड्यांत सारखी होत नसल्याने चेन एका जागी ढिली तर दुसऱ्या जागी ताठ आढळते. जेथे ती सर्वांत ताठ असेल तेच ठिकाण जुळवणीसाठी धरावे. बहुसंख्य चुका येथेच होतात : ढिली जागा समोर आली म्हणून माणूस ती घट्ट करतो आणि अर्धा फेरा फिरल्यावर ताठ जागी चेन तारेसारखी ताणली जाते.

जुळवणीसाठी प्रथम मागच्या ॲक्सलचा नट सैल करावा; त्याला दुहेरी पिन असल्यास ती आधी काढावी. काही गाड्यांत स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही सैल करावा लागतो. तो तसाच ठेवून ॲडजस्टर पिळले तर चाक एका अंगाने ओढले जाते. ब्रेकच्या प्लेटला धरणाऱ्या पट्टीचा नटही किंचित सैल करावा. मग चिमट्याच्या दोन्ही टोकांचे ॲडजस्टर समान, पाव-पाव फेऱ्याने फिरवावेत. चिमट्यावर दोन्ही बाजूंस खुणा कोरलेल्या असतात. डावीकडे ॲडजस्टर तिसऱ्या खुणेवर असेल तर उजवीकडेही तो तिसऱ्याच खुणेवर हवा, नाहीतर चाक तिरके राहते, टायर एका कडेने झिजतो व स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाल्ले जातात. माप बरोबर आले की ॲक्सलचा नट पक्का आवळावा आणि पुन्हा एकदा मोजावे. नट आवळताना चाक थोडेसे सरकते व मिळविलेले माप बिघडते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. काढलेली दुहेरी पिन परत न वापरता नवीन घालावी. तिची किंमत नगण्य असते.

यानंतरची एक गोष्ट सांगितल्यावाचून हे वर्णन अपुरे राहील. ज्या गाड्यांना मागे दांडीचा ड्रम ब्रेक आहे त्यांचे चाक मागे सरकविले की ब्रेकची दांडी आपोआप ओढली जाते. चेन जुळवून ब्रेक तसाच ठेवला तर तो चाकाला सतत घासत राहतो, ड्रम तापतो, पेट्रोल जादा जळते, आणि ब्रेक तापून ऐन वेळी कमी पडू शकतो. म्हणून दांडीच्या टोकाचा नट फिरवून ब्रेकच्या पायपट्टीची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे पुन्हा बसवावी. चाक हाताने मोकळे फिरते की नाही, पट्टी दाबताच थांबते की नाही, आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतो की नाही, हे पाहिल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.

तेल : किती, कोणते, कोठे

स्कूटर चालविण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना चेनच्या तेलाची सवय नसणे स्वाभाविक आहे. १९७२ साली आलेल्या चेतकसारख्या स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती गिअरांमधून थेट चाकाला मिळे. तेथे चेन नव्हतीच. मोटारसायकलला मात्र दर ५०० किलोमीटरच्या सुमारास, आणि पावसात किंवा धुळीच्या रस्त्यावर त्याहूनही लवकर, चेनची सफाई व वंगण आवश्यक आहे. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला याचा अर्थ दोन आठवड्यांतून एकदा, असा होतो.

सफाईसाठी माहितीपुस्तिकांत रॉकेल सांगितलेले असते. रॉकेल आता पूर्वीसारखे घरोघरी राहिलेले नाही; तेव्हा बाजारात मिळणारे चेन-क्लीनर वापरावे. साध्या चेनसाठी गॅरेजमध्ये डिझेलही वापरतात. मऊ ब्रशने घाण सोडवून कोरड्या फडक्याने चेन पुसून घ्यावी. पेट्रोल वापरू नये. त्यात आगीचा धोका आहेच, शिवाय मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये सांध्यातील वंगण कोंडून ठेवणाऱ्या रबराच्या बारीक ओ-रिंग असतात, त्या पेट्रोलने खराब होतात. सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा जोरदार फवारा चेनवर मारण्याची पद्धत सर्रास आढळते. त्याने माती निघते हे खरे, परंतु सांध्यांतील उरलेसुरले तेलही धुऊन जाते व तेथे पाणी शिरते. धुऊन आणलेली चकचकीत गाडी दोन दिवसांत कुरकुरू लागते ती यामुळेच.

तेल कोठे घालावे, हा प्रश्न तेल कोणते घालावे यापेक्षा महत्त्वाचा आहे. बाहेरून पट्ट्यांना माखलेले ग्रीस पिनेपर्यंत पोहोचत नाही, ते केवळ धूळ गोळा करते, आणि धूळ व ग्रीस मिळून उत्तम पॉलिश-पेस्ट तयार होते. तेल घालावयाचे ते खालच्या पदराच्या आतल्या अंगाला, पट्ट्या व रोलर यांच्या फटींमध्ये, थेंबाथेंबाने, चाक हाताने मागे फिरवीत. चेन फिरू लागली की तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाते व सांध्यांतून आरपार जाते. गाडी थोडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना हे काम केल्यास तेल चांगले मुरते. दहा-पंधरा मिनिटांनी वरचे जादा तेल पुसून टाकावे. टायरवर थेंब पडला असेल तर तो आधी पुसावा. वळणावर त्या थेंबाने गाडी घसरू शकते. बऱ्याच पुस्तिका ९० क्रमांकाचे गिअर ऑइल सुचवितात. चेनसाठीचे फवाऱ्याचे डबेही मिळतात. इंजिनातून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते म्हणून पुष्कळ जण तेच चेनला लावतात. त्या ऑइलमध्ये काजळी व इंजिनाच्या झिजेचे धातुकण असतात. ज्या झिजेपासून चेनला वाचवायचे तीच आपण हाताने तिच्यात ओततो.

बदलण्याची वेळ

मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीशी चेन बोटांत धरून बाहेर ओढावी. दाताचा निम्मा भाग उघडा पडत असेल, किंवा ॲडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत आले असतील, तर पुढे जुळवणी करण्यात अर्थ नाही. स्प्रॉकेटचे दात विळ्याच्या टोकासारखे एका दिशेला वळलेले दिसले तरी निष्कर्ष तोच. अशा वेळी चेन व दोन्ही स्प्रॉकेटे एकत्रच बदलावीत. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकरच जुनी होते. नव्या चेनच्या जोडकडीला म्हणजे चेनलॉकला जी क्लिप असते तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असले पाहिजे, अन्यथा क्लिप कशाला तरी अडकून निघू शकते.

बोटे आणि पदर

वेळ वाचविण्यासाठी गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन सुरू करून, पहिल्या गिअरमध्ये फिरत्या चेनला फडके लावणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. फडक्याचा एक धागा जरी दातांत सापडला तरी हात ओढून घेण्यास अवधी मिळत नाही आणि बोटे चेन व स्प्रॉकेटच्या मध्ये जातात. तुटलेले बोट घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर काय सांगणार? या कामात चाक फक्त हातानेच फिरवावे व लहान मुलांना चाकाजवळ येऊ देऊ नये.

दुसरी बाब पाठीमागे बसणाऱ्यांची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ अन्वये मोटारसायकलला मागच्या व्यक्तीसाठी हाताची पकड व पायदाणी, आणि तिचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षक साधन असणे आवश्यक आहे. आपल्याकडे स्त्रिया एका बाजूस पाय सोडून बसतात ती बहुधा डावी बाजू, आणि चेनही बहुतेक गाड्यांत डावीकडेच असते. चेनकव्हर खडखडते म्हणून काढून टाकणे, किंवा शोभा जाते म्हणून साडीगार्ड उतरविणे, यांचे परिणाम पदर आणि ओढणी सांभाळून बसलेल्या व्यक्तीला भोगावे लागतात. ग्रामसभेला किंवा पालकसभेला माणसे जमतात तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्यांवर एक नजर टाकली तरी किती गाड्यांचे कव्हर जागेवर नाही हे दिसून येईल. ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुचाकी-दुरुस्तीचे शिक्षण दिले जाते तेथील निदेशक व विद्यार्थी यांना अशा एखाद्या दिवशी बोलावून, गावातल्याच चार गाड्यांवर मोजणी व जुळवणी करून दाखविण्याची व्यवस्था पंचायतीला सहज करता येईल. त्यासाठी लागते ती एक फूटपट्टी, दोन पाने आणि तासाभराचा वेळ.

गुरुजींनी त्या दिवशी जुनी चेन व स्प्रॉकेटे मिस्त्रींकडून मागून घेतली. पुढे भेट झाली तेव्हा ती त्यांच्या वर्गातील कपाटात होती, स्वच्छ धुतलेली. गुणोत्तराचा पाठ आला की मुले पुढच्या चक्राचे दात मोजतात, १४. मागच्याचे मोजतात, ४२. आणि मागचे चाक एकदा फिरायला पुढचे चक्र किती वेळा फिरावे लागेल ते सांगतात. त्यानंतर चेन टेबलावर ताणून वीस कड्यांची लांबी मोजली जाते. नव्या चेनची ती २५४ मिलिमीटर भरते. या चेनची २६० भरली, असे गुरुजींनी फळ्यावर लिहून दाखविले.